दुसरी खेप वाचावी म्हणून

नागभीडला बाजाराच्या दिवशी दवाखान्यातली गर्दी एसटीच्या हिशेबानं चालते. गाडी आली की बाकं भरतात, परतीच्या गाडीची वेळ झाली की औषधाची चिठ्ठी अर्धवट ऐकूनच माणसं उठतात. अशाच एका दुपारी साठीची एक बाई समोर बसली. लुगडं घोट्यापासून वर सरकवण्याआधी तिनं विचारलं, "कापाचं तं नाही ना, डाक्टरसाहेब?"

"नाही मावशी, थेंबभर तेल लावून भिंगातून पाहतो."

मग पाय पुढे आला. पोटरीवर जांभळट चट्टा होता आणि त्याच्या शेजारी टाक्याचा जुना वण. दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात तिथल्या कातडीचा तुकडा तपासायला काढला होता, म्हणजे बायोप्सी केली होती, आणि रिपोर्टसाठी आठ दिवसांनी बोलावलं होतं. आठ दिवसांनी गावात रोवणी होती. पुन्हा जायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणार, जाण्यायेण्याचं भाडं लागणार, वर सोबत कुणाला तरी घ्यावं लागणार. ती गेली नाही. जखम भरली आणि उत्तर कुठल्याशा फायलीत राहिलं.

माझ्या कामाच्या सगळ्या वर्षांत बायोप्सी चुकली म्हणून वाया गेलेले रोगी मी थोडे पाहिले. बायोप्सी बरोबर होती, पण दुसरी खेप झाली नाही म्हणून वाया गेलेले मात्र मोजता येणार नाहीत. या पुस्तकाचा विषय, म्हणजे चिरा न देता प्रकाशानं निदान करणं, मला त्या दुसऱ्या खेपेच्या बाजूनं दिसतो. लेखकांना तो कदाचित प्रकाशशास्त्राच्या बाजूनं दिसत असेल. त्यांनी प्रस्तावना लिहायला मला सांगितलं, तेव्हा हा धोका त्यांनी पत्करलाच आहे.

विषय थोडक्यात असा. कातडी, आणि तोंड, ओठ, योनिमार्ग, गर्भाशयमुख यांचं ओलं अस्तर, म्हणजे श्लेष्मल त्वचा, ही शरीराची उघड्यावर असलेली इंद्रियं. ती डोळ्यांना दिसतात, पण नुसत्या डोळ्यांना पृष्ठभागच दिसतो. घोडाझरीच्या तलावावर दुपारचं ऊन पडलं की काठावरून तळ दिसत नाही. पाणी गढूळ नसतं, वरची चकाकी डोळ्यांत येते. कातडीच्या सर्वांत वरच्या मृत पेशींचा थर अशीच चकाकी परतवतो. त्यावर तेल किंवा जेल टाकून काच टेकवली, किंवा ध्रुवीकरण करणारी गाळणी मध्ये धरली, की चकाकी जाते आणि खालचे थर वर आल्यासारखे दिसू लागतात. दहापट मोठं करणारं भिंग, त्याच्याभोवती छोटे दिवे, आणि ही चकाकी मारण्याची युक्ती, एवढाच डर्मोस्कोप. महागडं जेल नसेल तर खोबरेल तेलावर भागतं, आणि ते नाही असं घर आपल्याकडे सापडत नाही.

एकदा चकाकी गेली की रंगांना अर्थ येतो. मेलॅनिन हे एकच रंगद्रव्य, पण ते अगदी वर असेल तर काळं दिसतं, जरा खाली तपकिरी, त्याखाली राखाडी आणि खोल गेलं की निळं. रंग पाहून खोली सांगता येते. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी आठवडाभर घरच्या प्रत्येकाचे तीळ पाहत सुटलो होतो.

ही युक्ती नवी नाही. १६६३ मध्ये कोलहाउस नावाच्या गृहस्थानं नखाच्या मुळाशी असलेल्या बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या. आजही सांध्यांचे डॉक्टर स्क्लेरोडर्माच्या, म्हणजे कातडी आवळणाऱ्या आजाराच्या, रोग्याची नखं याच कारणासाठी भिंगाखाली धरतात. १८९३ च्या सुमारास हॅम्बुर्गच्या उनानं तेल आणि काच वापरून कातडी पारदर्शक करण्याचा मार्ग लिहून ठेवला. १९२० नंतर योहान साफियरनं त्याला डर्माटोस्कोपी हे नाव दिलं आणि दोन डोळ्यांचं अवजड यंत्र घेऊन चट्ट्यांचे नकाशे काढले. मग मधली तीसेक वर्षं जवळजवळ शांतता. पन्नाशीच्या दशकात अमेरिकेत लिऑन गोल्डमननं हातात धरायचं यंत्र तिळांवर लावलं. १९७१ मध्ये ग्लासगोच्या रोना मॅकी यांनी शस्त्रक्रियेआधी साधा तीळ आणि कर्करोग वेगळे ओळखायला त्याचा उपयोग होतो हे दाखवलं. खरी कलाटणी १९८७ ची. व्हिएन्नाच्या पेहामबर्गर, श्टाइनर आणि वोल्फ यांनी आकृतिबंधांची पद्धतशीर मांडणी केली. १९८९ मध्ये हॅम्बुर्गला तज्ज्ञ जमले आणि शब्द ठरले. त्याच सुमारास खिशात मावणारं यंत्र आलं, आणि जे प्रयोगशाळेत होतं ते बाह्यरुग्ण विभागात आलं.

पुढे शाखा फुटल्या. काहींना झटपट उत्तर हवं होतं. त्यांनी गुण देण्याच्या पद्धती काढल्या: १९९४ ची एबीसीडी, १९९८ ची अर्जेन्झियानो यांची सात मुद्द्यांची यादी. व्हिएन्नाची मंडळी म्हणाली, बेरीज करून रोग ओळखता येत नाही, डोळा घडवावा लागतो. दुसरं भांडण भाषेचं, आणि मराठी वाचकाला तेच जास्त रोचक वाटेल. जुन्या पठडीचे लोक उपमांनी बोलतात: मधाचं पोळं, फुटलेली चांदणी, निळा-पांढरा पडदा, झाडाचं पान, स्ट्रॉबेरी. हाराल्ड किटलरसारखे नवे लोक म्हणतात, उपमा प्रत्येकाच्या डोक्यात वेगळी असते, म्हणून रेषा, ठिपके, वर्तुळं, गठ्ठे अशा भूमितीच्या भाषेतच बोलावं. २०१६ च्या जागतिक सहमतीनं दोन्ही भाषा चालू ठेवल्या, म्हणजे भांडण मिटवलं नाही, नुसतं शिष्टाचारात बसवलं.

लेखकांनी मराठी पारिभाषिक शब्द करताना याच चौकात थोडा वेळ घालवलेला दिसतो. स्ट्रॉबेरी इथं कुणाच्या बांधावर पिकत नाही. पोळं मात्र सगळ्यांनी पाहिलंय. माझं मत विचाराल तर शिकवताना उपमा, लिहून ठेवताना भूमिती. आशा कार्यकर्तीला "चटईच्या विणीसारखं" म्हटलं की ती महिनाभर विसरत नाही, पण केसपेपरवर मात्र "एकमेकांना छेदणाऱ्या तपकिरी रेषा" असंच असावं.

आता मूळ दुखण्याकडे येतो. वर सांगितलेल्या इतिहासाच्या मुळाशी एकच भीती आहे, मेलानोमा, म्हणजे तिळासारखा दिसणारा कातडीचा कर्करोग. तो गोऱ्या कातडीचा मोठा शत्रू. आपल्याकडे तो विरळा, आणि असतो तेव्हा बहुधा तळव्यावर किंवा नखाखाली. म्हणजे सारी विद्या अशा एका रोगाभोवती उभी राहिली, जो माझ्या टेबलापुढे मोजक्या वेळा आला, आणि अशा कातडीवर, जी इथं कुणाची नाही. सावळ्या कातडीत लाली सहज दिसत नाही. पुस्तकात जिथं लाल ठिपके छापलेले असतात तिथं आपल्याला धुरकट तपकिरी दिसतं, आणि नवशिका डॉक्टर स्वतःच्या डोळ्यांना दोष देतो. म्हणून मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. उदय खोपकर यांनी २०१२ मध्ये तपकिरी त्वचेच्या रोगांचा डर्मोस्कोपीचा जो चित्रसंग्रह आणला, त्याचं मोल मला कुठल्याही नियमापेक्षा मोठं वाटतं. आपल्या कातडीचीही आकृतिविद्या असू शकते, हे त्यानं छापून दाखवलं.

आपल्या कातडीची नोंद नसली की काय होतं याचा माझाच एक किस्सा सांगतो. जपानच्या तोशिआकी साइदा यांनी तळव्याबद्दल एक सुरेख गोष्ट शोधली. तळव्यावर बोटाच्या ठशासारख्या सऱ्या आणि वरंबे असतात. रंग सरीत असेल तर बहुधा साधा तीळ, वरंब्यावर असेल तर मेलानोमाचा संशय. एक बाई टाचेवर काळा डाग घेऊन आली. भिंग ठेवलं. रंग सगळा वरंब्यांवर. माझ्या पोटात गोळा आला. तिला काय सांगावं, नागपूरला कसं पाठवावं, याचे शब्द मी जुळवत होतो तेवढ्यात तिची सून दारातून म्हणाली, "भेगा पडल्या होत्या, बिब्बा लावला." बिब्ब्याचा रस वरंब्यावर बसला होता, जसा मेंदीचा रंग बसतो. परदेशी संग्रहात मेंदी आणि केसांचा कलप यांची नोंद सापडते. बिब्बा कसा सापडेल? तो आपल्या जंगलात आहे.

इथल्या तालुक्यात भिंगाचा रोजचा उपयोग मेलानोमासाठी नाहीच. खरजेत नागमोडी रेघेच्या टोकाशी एक इवलासा गडद त्रिकोण दिसतो. तो किड्याचा पुढचा भाग, तोंड आणि पुढचे पाय. किडा सगळा मिळून मिलिमीटरच्या अर्ध्याहूनही लहान. मोबाईल भिंगाला लावून तो त्रिकोण आईला दाखवला की मग "घरातल्या सगळ्यांनी औषध लावायचं" हे पुन्हा सांगावं लागत नाही. रोवणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्यात झालेल्या चिखल्या आणि बुरशी यांतला फरक, चाई आणि डोक्यातल्या नायट्यातला फरक, हेही त्याच भिंगाखाली मिनिटभरात सुटतं.

महारोगाबद्दल मात्र दोन पावलं सांभाळून. वरोऱ्याच्या आनंदवनाचा हा जिल्हा. बाबा आमट्यांची महारोगी सेवा समिती १९४९ ची, आणि रोग अजून चंद्रपूर-गडचिरोलीतून गेलेला नाही. २००५ च्या अखेरीस देशपातळीवर निर्मूलन जाहीर झालं, याचा अर्थ दर ठरावीक रेषेखाली आला एवढाच होता; नवा राष्ट्रीय आराखडा २०२७ पर्यंत संक्रमण थांबवण्याचं म्हणतो. भिंगाखाली फिकट चट्ट्यात एरवी दिसणारे घामाच्या छिद्रांचे पांढरे ठिपके विरळ होतात, बारीक लव नाहीशी होते, कधी पिवळट-नारिंगी छटा दिसते. हे पाहायला शिकण्याआधी मी एका पोराचा असा चट्टा नायटा म्हणून दोन महिने मलम लावत ठेवला होता. ती चूक माझी. पण शिकल्यावरही भिंग फक्त शंका देतं. निदान अजून कापसाचा बोळा, बॉलपेनचं टोक आणि कोपरामागची जाड झालेली नस यांच्याकडेच आहे. चिरा न देता निदान करण्याची आपल्याकडची जुनी परीक्षा तीच, आणि तिला वीज लागत नाही.

भिंगाच्या वरच्या पायऱ्या आता. मार्विन मिन्स्की या तरुण शास्त्रज्ञाला मेंदूतल्या पेशींचं जाळं पाहायचं होतं. १९५७ मध्ये त्यानं कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाच्या पेटंटसाठी अर्ज केला. कल्पना साधी: सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून फक्त एकाच पातळीवरचा प्रकाश येऊ द्यायचा, बाकी वरचा-खालचा सगळा गाळून टाकायचा. तिचा जिवंत मानवी कातडीवरचा उपयोग बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये उभा राहिला, आणि १९९५ च्या त्या शोधनिबंधावर पहिलं नाव आहे मिलिंद राजाध्यक्ष यांचं. हे आडनाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरळ बसलो होतो. त्यांच्या निबंधाचा गाभा असा की या यंत्रात मेलॅनिनच सर्वांत तेजस्वी दिसतं. ज्या रंगद्रव्याला आम्ही अडथळा समजत आलो होतो, ते इथं आतला दिवा ठरलं. अर्थात पुरतं सुख नाही. दाट मेलॅनिन प्रकाश उधळतंही, त्यामुळे सावळ्या कातडीत वरचे थर झगझगीत दिसतात आणि खालचे लवकर अंधारतात. एकूण पोच पोस्टकार्डाच्या जाडीएवढी, मिलिमीटरचा पाचवा हिस्सा. पण तेवढ्यात एकेक पेशी दिसते, जिवंत माणसाची, त्याच्याशी बोलता बोलता.

या चित्रांची सवय व्हायला वेळ लागतो, कारण ती आडवी असतात. पॅथॉलॉजीच्या काचेवर आपण कातडी उभी चिरलेली पाहतो, धुरा खोदून मातीचे थर पाहावेत तशी. कॉन्फोकलमध्ये बांधी वरून दिसते, मग एक वीत खालून, मग आणखी खालून. जमीन तीच, नकाशा वेगळा. डोळ्यांच्या दवाखान्यामुळे ओसीटी हा शब्द आता गावातही माहीत झालाय. १९९१ ला जन्मलेलं, परतलेल्या प्रकाशावरून थर दाखवणारं हे तंत्र कातडीत मिलिमीटर-दोन मिलिमीटर खोल जातं, पण पेशी दाखवत नाही. दोघांची सांगड घालणारं यंत्र २०१८ च्या सुमारास फ्रान्समध्ये झालं आणि त्यात उभं, आडवं दोन्ही दिसतं. ही यंत्रं नागभीडला येणार नाहीत, निदान माझ्या हयातीत नाहीत. ज्या कॉलेजात येतील तिथं काय पाहतात, हे मात्र इथल्या डॉक्टरला ठाऊक असायला हवं, नाहीतर तो रोगी कुणाकडे आणि कशासाठी पाठवणार?

ओल्या अस्तराची कथा वेगळी, आणि आमच्या भागात अधिक तातडीची. पानठेल्यावर प्लॅस्टिकच्या तुकड्यात सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून खर्रा होतो. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, खर्रा मात्र समोर बसून बनवून मिळतो. वर्षं जातात आणि गालाचं अस्तर पांढरं, चामड्यासारखं होतं. पहिली तक्रार कर्करोगाची नसते, तिखट झोंबण्याची असते. मग एक दिवस भाकरीचा घास आत जाईनासा होतो. तोंडात तीन बोटं उभी जात होती, तिथं दोन, मग एक. १९५२ मध्ये श्वार्ट्झनं आफ्रिकेतल्या पाच भारतीय बायकांत हे पाहिलं आणि १९५३ मध्ये एस. जी. जोशी यांनी त्याला सबम्युकस फायब्रोसिस हे नाव दिलं. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातल्या अभ्यासकांनी १००० रोग्यांची नोंद २००७ मध्ये छापली. अशा तोंडात बायोप्सी करायची म्हणजे न उघडणाऱ्या दारातून कात्री घालायची, आणि आधीच आवळलेल्या अस्तरात आणखी एक वण ठेवायचा. इथं प्रकाशानं पाहण्याला खरोखर पर्याय नाही. तैवानमध्ये ओसीटीनं या रोगात अस्तर किती पातळ झालंय ते मोजून दाखवलं. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात सी. व्ही. रामन यांच्या १९२८ च्या शोधावर आधारलेली प्रकाशपरीक्षा तोंडाच्या कर्करोगावर तपासली गेली. ती चित्र काढत नाही, पेशीतल्या रसायनांची सही वाचते.

गर्भाशयमुखाकडे वळलं की गडचिरोलीचं नाव घ्यावंच लागतं. तिथल्या 'सर्च' या संस्थेच्या डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या आणि १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, की ९२ टक्के बायकांना जननेंद्रियांचा काही ना काही आजार होता आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. अंगावरून पांढरं जाणं हा बाईच्या जातीचा भोग, असं मानून साऱ्या गप्प होत्या. त्याआधी साठेक वर्षं, १९२५ पासून, गर्भाशयमुख मोठं करून दाखवणारा कोल्पोस्कोप जगात होता. म्हणजे अडलं होतं ते यंत्रापाशी नव्हे.

आणि इथं या क्षेत्राच्या भक्तांना न आवडणारी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांहून अधिक बायकांवर मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००९ चे. या कर्करोगामागच्या एचपीव्ही विषाणूची चाचणी एकदा केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. ॲसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी एकदा पाहिलेल्या गटात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. डोळा हरला, असंच कुणी म्हणेल. पण टाटा मेमोरियलनं मुंबईच्या वस्त्यांत तीच डोळ्यांची परीक्षा शिकवून तयार केलेल्या बायकांकरवी दर दोन वर्षांनी पुन्हा केली, आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी उतरले. तिथं दुसरी खेप रोग्यानं केली नाही. पाहणारीनं केली. हे दोन निष्कर्ष शेजारी ठेवूनच मी कुठल्याही नव्या यंत्राची जाहिरात वाचतो.

मग आत्ताच या पुस्तकाची निकड का? पहिलं कारण गेल्या दहाएक वर्षांत उठलेली नायट्याची साथ. तीन-तीन औषधं आणि स्टेरॉइड एकत्र कालवलेली मलमं दुकानात सहज मिळतात. खाज दोन दिवसांत जाते, बुरशी मुरते, आणि चट्टा असा बदलतो की तो नायटा आहे हे तज्ज्ञालाही पटत नाही. २०२० मध्ये या बुरशीला जे नाव मिळालं त्यातच आपला देश आहे: ट्रायकोफायटन इंडोटिनी. भिंगाखाली बारीक लव वाकडी, तुटकी, मोर्सच्या टिंब-रेघेसारखी दिसली तर बुरशी केसात शिरली आहे, आता नुसतं मलम पुरणार नाही, हे जागेवर ठरतं. दुसरं कारण संगणक. २०१७ मध्ये सुमारे १ लाख २९ हजार छायाचित्रांवर शिकवलेला कार्यक्रम त्वचारोगतज्ज्ञांच्या बरोबरीला आला आणि जगभर गाजावाजा झाला. २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्या गटानं वेगवेगळ्या वर्णांच्या ६५६ चित्रांवर असे कार्यक्रम तपासले, तेव्हा गडद कातडीवर ते घसरले. यंत्रानं जे पाहिलं तेच ते ओळखतं. बिब्बा त्यालाही दाखवायला हवा.

पुस्तक हे करू पाहतं. ते तज्ज्ञांसाठी नाही, आणि नुसतं चित्रांचं पुस्तकही नाही. तालुक्याच्या डॉक्टरनं, दंतवैद्यानं, उपकेंद्रातल्या अधिकाऱ्यानं काही हजारांचं भिंग घेतलं तर पहिल्याच भेटीत काय ठरवता येईल, काय मुळीच ठरवू नये आणि कुणाला आजच्या आजच पुढे पाठवावं, याची समज ते देतं. भिंगानं बायोप्सी हद्दपार होईल असा दावा लेखक करत नाहीत, तो मला आवडलेला संयम. गालावरची घट्ट गाठ, न भरणारा व्रण, यांना सुरी हवीच. भिंगाचं काम एवढंच की शंभरातल्या नव्वदांना ती खेप पडू नये आणि उरलेल्या दहांची चुकू नये. ही शंभराची वाटणी माझी, हिशेबासाठी; पुस्तकात ती शोधू नका.

एका बाबतीत माझं लेखकांशी जमलं नाही. कॉन्फोकलवर त्यांनी जेवढी पानं दिलीत त्यातली निम्मी मी खर्ऱ्याच्या तोंडाला दिली असती. ते म्हणाले, तोंडाची चांगली चित्रं इथं अजून कुणी काढलेलीच नाहीत, छापणार काय? उत्तर बिनतोड होतं. त्यातूनच शेवटची काही पानं कोरी ठेवायचं ठरलं: वर चौकट चित्रासाठी, खाली ओळी तारीख, जागा, भिंग, तेल आणि पुढच्या भेटीत काय दिसलं यासाठी.

माझ्याकडे आलेल्या छापील नमुन्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर मी एक चित्र डकवलं आहे. उजवी टाच, बाजाराचा दिवस, खोबरेल तेल. वरंब्यांवर काळ्या समांतर रेघा. खालच्या ओळीत लिहिलंय: तीन आठवड्यांनी सून एकटीच औषधाला आली, सासूच्या टाचेचा फोटो तिनं मोबाईलवर आणला होता, डाग अर्धा झिजला.